दुसऱ्या नार्नियात गमलं नाही

महालची_गल्ली (शनिवार, रात्री १०:१२)

नागपुरात चार दिवसांपासून झड लागली आहे. शाळेला सुट्टी, अंगणात घोटाभर पाणी आणि नऊ वर्षांची लेक घरात. म्हणून तिला नार्नियाचा पहिला सिनेमा दाखवला, २००५ चा. कपाटातल्या कोटांमधून ल्यूसी पाठमोरी मागे मागे जाते आणि हाताला अचानक झाडाची टोचरी फांदी लागते, तिथे लेक उठूनच बसली. सिनेमा संपल्यावर आमच्या आजेसासूबाईंच्या सागवानी कपाटात शिरली. नऊवारी लुगडी आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात दहा मिनिटं बसून बाहेर आली. चेहरा नुसता उजळलेला.

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग लावला, ‘प्रिन्स कॅस्पियन’, २००८ चा. पाऊण तासाने ती उठून खिडकीत जाऊन बसली. म्हणाली, “आई, मला यात गमत नाही गं.”

मी २००८ साली कॉलेजात असताना हाच सिनेमा पाहून अशीच गप्प गप्प घरी आले होते. तेव्हा काय खटकलं ते सांगता आलं नव्हतं. परवा तिच्या तोंडून तो शब्द मिळाला.

माझं म्हणणं मांडते. ल्यूसी, पीटर, सुझन आणि एडमंड ही चार भावंडं पहिल्या भागात कपाटातून नार्निया या जादूच्या देशात जाऊन तिथले राजे-राण्या झालेली असतात. ती एका वर्षाने तिकडे परत जातात आणि तिकडे तेराशे वर्षं उलटलेली असतात. ज्या पडक्या भिंतींवर ती बसतात तो त्यांचाच राजवाडा असतो. गवतात बुद्धिबळातला सोन्याचा घोडा सापडतो, तो त्यांच्याच पटावरचा. तळघरात पेट्या उघडतात तर आत त्यांचेच कपडे, त्यांचीच शस्त्रं. टम्नस नाही, बीव्हर नवरा-बायको नाहीत, ओळखीचं कुणीच उरलेलं नाही. अहो, यापेक्षा मोठी गोष्ट कोणती असते? आणि सिनेमा इथे ल्यूसीला जेमतेम एक वाक्य देतो आणि लढाईकडे धावत सुटतो. पुढे तलवारी, घोडे, तोफगोळ्यांसारखे दगड. ज्या घरी परत आलो त्या घराकडे कुणी नीट पाहतच नाही.

मला वाटतं दुसरा भाग तिथेच हरला. तुम्हाला काय वाटतं? आवडला असेल त्यांनीही सांगा, मला खरंच ऐकायचं आहे.

तर्री_जास्त (रात्री १०:२०)

शंभर टक्के. पहिला पाहून आम्ही पोट्टे आठवडाभर एकमेकांना अस्लान सिंह म्हणत होतो. दुसऱ्यातलं मला फक्त उंदीर आठवतो.

सदाशिवातला_सदा (रात्री १०:३१)

उंदीर म्हणजे रीपिचीप. त्याला आवाज एडी इझार्डचा आहे आणि तो खरोखर झकास आहे. पण ताई, आधी सांगा, ‘गमत नाही’ म्हणजे ‘जमत नाही’ का? की टंकताना चूक झाली?

वऱ्हाडी_बाप्पा (रात्री १०:३८)

काय भौ, पुण्याच्या लोकायले गमणं माहीत नाही म्हन्ते! ऐका. नवीन पोरगी सासरी गेली का माय फोनवर पह्यलं काय विचारते? “गमते का वं तुले तिथी?” म्हंजे जीव रमते का, करमते का, घरच्यासारखं वाटते का. तुमचं ‘करमणं’ त्याच्या जवळचं हाय, पण त्यात घर नाही येत. गमण्यात घर येते. त्या पोट्टीनं एका शब्दात परीक्षण लिहिलं, राजेहो.

सदाशिवातला_सदा (रात्री १०:४१)

सुंदर शब्द आहे. आजपासून माझा. धन्यवाद बाप्पा.

झिरो_माइल (रात्री ११:०५)

मी उलट बाजूने बोलतो. मला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो आणि त्याची कारणं आहेत.

एक म्हणजे मूळ पुस्तकच सिनेमाला अवघड आहे. ते १९५१ चं, सात पुस्तकांतलं दुसरं. त्यात मुलं पडक्या वाड्यापाशी पोचतात, मग ट्रम्पकिन नावाचा बुटका येतो आणि पुढची चार प्रकरणं तो कॅस्पियनची, म्हणजे काका मिराझपासून जीव वाचवून पळालेल्या राजपुत्राची, हकिकत सांगत बसतो. चार प्रकरणं नायक मंडळी शेकोटीपाशी बसून ऐकतायत! पडद्यावर असं केलं असतं तर लोक उठून समोसे आणायला गेले असते. दिग्दर्शक अँड्र्यू ॲडमसनने कॅस्पियनच्या पळण्यापासून सुरुवात केली हा शहाणपणाच होता.

दुसरं, मिराझच्या किल्ल्यावरचा रात्रीचा हल्ला. तो पुस्तकात नाही, सिनेमावाल्यांनी घातला. पण आठवून बघा. पीटरच्या हट्टापायी फौज आत शिरते, डाव फसतो, ते लोखंडी दार खाली यायला लागतं, बैलाच्या डोक्याचा तो मिनोटॉर खांद्यावर पेलून धरतो आणि शेवटी कोसळतो. अर्धी माणसं, म्हणजे अर्धे प्राणी, दाराच्या आत अडकतात आणि पीटरला घोड्यावरून त्यांच्याकडे नुसतं बघावं लागतं. मुलांच्या सिनेमात चुकीची एवढी किंमत दाखवायला धाडस लागतं. ताईंच्या मते सिनेमात त्या घराचं दुःख नाही. आहे की! फक्त त्या शोधतायत तिथे नाही.

महालची_गल्ली (रात्री ११:२२)

@झिरो_माइल, ते दार कोसळतानाचं दृश्य मलाही हलवून गेलं होतं, मान्य. पण ते दुःख पीटरच्या चुकीचं आहे. मी म्हणते ते दुःख काळाचं आहे, त्यात कुणाची चूक नाही. असं दुःख मुलांना समजत नाही असं मोठ्यांना वाटतं. माझी लेक आजोबांच्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नाही. तिला नक्की समजलं असतं.

आकडेमोड (रात्री ११:४०)

थोडे आकडे देतो, धाग्याला उपयोग होईल. पहिल्या भागाने जगभरात साधारण ७४ कोटी ५० लाख डॉलर कमावले. दुसऱ्यावर खर्च जास्त झाला, साधारण २२ कोटी ५० लाख डॉलर, आणि कमाई आली ४२ कोटींच्या आतबाहेर. म्हणजे खर्च वाढला आणि गल्ला जवळजवळ निम्म्यावर आला. डिसेंबर २००८ मध्ये डिस्नेने तिसऱ्या भागातून अंग काढून घेतलं. मग वॉल्डन मीडियाने फॉक्सला सोबत घेऊन २०१० मध्ये तिसरा काढला.

माझं मत असं की तारीखही चुकली. पहिला डिसेंबरात आला होता. बर्फ, दिव्याचा खांब, नाताळबाबा, सगळं त्या ऋतूचं. दुसरा अमेरिकेत १६ मे २००८ ला लावला. त्याच महिन्यात आधी आयर्न मॅन आला होता आणि आठवडाभराने इंडियाना जोन्स. त्या गर्दीत उंदीर आणि सिंह कुठे दिसणार?

कूलरची_खस (रात्री ११:५२)

तारखेचा मुद्दा आम्हा नागपूरकरांना तर अगदीच पटेल. पहिला भाग मी डिसेंबरात पाहिला, सदरमधल्या एका टॉकीजमध्ये. आईने विणलेला स्वेटर, कानाला मफलर, मध्यंतरात वाफाळता चहा. पडद्यावर बर्फ आणि बाहेर आल्यावर तोंडातून धूर! आम्ही तिघी मैत्रिणी सायकली हातात धरून चालत घरी गेलो, कारण सायकलवर बसलं की नार्निया संपणार असं वाटत होतं.

दुसरा पाहिला तो भर उन्हाळ्यात. बाहेर ४५ अंश, आत पंखे गरगरतायत आणि कूलरमधून गरम वारा. त्यात मध्येच वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं. अंधारात एक लहान मुलगा जोरात ओरडला, “अस्लान, लाइट लाव!” सगळं थिएटर हसलं. खरं सांगते, त्या दुपारची तीच सगळ्यात छान आठवण आहे.

तर्री_जास्त (रात्री ११:५५)

अस्लान, लाइट लाव!! उद्यापासून आमच्या घरात हेच.

पोळ्याचा_बैल (रविवार, सकाळी ८:१५)

रात्रभर धागा धावला की! पोहे खाता खाता वाचला.

दुसऱ्या भागांचं दुखणं आपल्याकडेही आहे. ‘झपाटलेला’ १९९३ चा. तात्या विंचू, रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज आणि या सगळ्याच्या मधोमध लक्ष्या. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये दुसरा आला, थ्रीडीत. बाहुला होता, प्रभावळकर होते, महेश कोठारे होते. पण लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्येच गेलेले. लक्ष्याच्या मुलाची गोष्ट केली, त्यात काही वाईट नव्हतं. पण बाहुला अंगावर धावून आला की घाबरायचं कुणी? लक्ष्याची ती तारांबळ, तो घाबरलेला चेहरा, ‘झपाटलेला’ म्हणजे तेच होतं. विंचू त्याच्यामुळे भयंकर वाटायचा.

झिरो_माइल (सकाळी ८:४०)

उलट तिथे दिग्दर्शकाकडे दुसरा पर्याय नव्हता. माणूसच गेला. नार्नियावाल्यांकडे चारही मुलं होती, दिग्दर्शक तोच, संगीतकार तोच, हॅरी ग्रेगसन-विल्यम्स. सिंहाचा आवाज तोच, लिअम नीसन. म्हणून मला ही तुलना लागू वाटत नाही.

पोळ्याचा_बैल (सकाळी ८:५२)

भौ, तुम्हीच माझा मुद्दा पक्का केला. सगळे असूनही गमलं नाही, म्हणजे प्रश्न माणसांचा नाही. टम्नस नाही तर टम्नस नसणं तरी दाखवा. ‘झपाटलेला २’ पाहताना मला लक्ष्याची उणीव भासत राहिली. ती उणीव सिनेमाने पोटाशी धरली असती तर मी रडलोही असतो आणि हसलोही असतो.

कपाटाबाहेर (सकाळी ९:३०)

पहिल्या भागाच्या चित्रीकरणातली एक गोष्ट सांगते, कदाचित काहींना माहीत असेल. ल्यूसीचं काम करणारी जॉर्जी हेन्ली तेव्हा अगदी लहान होती. बर्फाचा सेट तिला आधी दाखवलाच नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला आत नेलं, पट्टी काढली आणि कॅमेरा चालू. पडद्यावर दिसतो तो तिचा चेहरा खरा आहे, त्या मुलीने ते जंगल पहिल्यांदाच पाहिलंय.

मला वाटतं पहिला भाग सगळा त्या चेहऱ्यावर उभा आहे. मेकअपसाठी ऑस्कर मिळालं, टिल्डा स्विंटनची चेटकीण अंगावर काटा आणते, सगळं खरं. पण मुळाशी एका पोरीचा श्वास अडकलाय. दुसऱ्या भागात सगळ्यांना नार्निया ठाऊक झालेलं. पुन्हा पट्टी बांधता येत नाही हे मान्य, पण पहिल्यांदा पाहण्याची जागा दुसरं काही घेऊ शकतं. ओळखीची जागा अनोळखी झालेली पाहणं. तोही चेहरा एकदाच मिळतो. तिथे कॅमेरा थांबायला हवा होता. म्हणजे @महालची_गल्ली म्हणतात तेच, पण मी त्या चेहऱ्यावरून आले.

महालची_गल्ली (सकाळी ९:४४)

पट्टीची गोष्ट लेकीला वाचून दाखवली. आता तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधून तिला घरभर फिरवते आहे. थोड्या वेळाने येते.

डबिंगवाला (सकाळी १०:०५)

कॅस्पियनच्या बोलण्याबद्दल कुणी काहीच कसं बोललं नाही? बेन बार्न्स इंग्रज माणूस, पण टेल्मारचे, म्हणजे नार्निया बळकावलेले, लोक परके वाटावेत म्हणून त्याला स्पॅनिश वळणाचं इंग्रजी बोलायला लावलं. मिराझ झालेला सर्जिओ कास्तेलित्तो इटालियन, त्यामुळे दरबार एका घरातला वाटावा हा हेतू. तिसऱ्या, जहाजावर घडणाऱ्या भागात तेच पात्र, तोच नट आणि ते वळण गायब! जहाजावर बसल्यावर बोली बदलते काय?

वऱ्हाडी_बाप्पा (सकाळी १०:१२)

होते ना बाप्पा. आमचा भाचा पुण्याले गेला, सहा महिन्यात ‘काहून’चं ‘का बरं’ झालं. राजपुत्राले तं अख्खं जहाज भेटलं.

सदाशिवातला_सदा (सकाळी १०:१५)

आणि मी इथे बसून ‘गमतं’ म्हणतोय. हिशेब बरोबर झाला.

शाळेची_घंटा (सकाळी ११:२०)

मी रामटेकजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. धाग्याच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण ‘तेराशे वर्षं’ हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना.

मुलांना तेराशे वर्षं म्हणजे काय ते कळत नाही, मोठ्यांनाही कळत नाही. मी दरवर्षी सहावीला नगरधनला नेते. रामटेकपासून अगदी जवळ. आज दिसतो तो किल्ला बराच अलीकडचा, भोसल्यांच्या काळातला. पण त्या परिसरातच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती असं अभ्यासक मानतात. अलीकडे तिथे उत्खनन झालं, त्यात प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्रा मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावाने राज्य चालवणारी बाई. साधारण सोळाशे वर्षांपूर्वीची.

मी मुलांना शेताच्या बांधावर बसवते आणि सांगते, तुम्ही बसलात तिथे एक राणी पत्रांवर मुद्रा उठवत होती. मग सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प बसायचं. सहावीची मुलं, चाळीस जण, दोन मिनिटं गप्प! कुणीतरी पायाने माती उकरायला लागतं. एका मुलीने मागच्या वर्षी खापराचा तुकडा उचलला आणि विचारलं, “मॅडम, तिच्या स्वयंपाकघरातला असंल का?” मी तो परत जागेवर ठेवायला लावला, तशी शिस्तच आहे. पण त्या मुलीचं ठेवतानाचं हळुवारपण मी विसरणार नाही.

सोन्याचा घोडा गवतात सापडतो तेव्हा मला हीच दोन मिनिटं हवी होती. दीडशे मिनिटांच्या सिनेमात दोन मिनिटं जड नव्हती.

झिरो_माइल (सकाळी ११:४१)

मॅडम, हे वाचून मी माझी बाजू थोडी सोडतो. किल्ल्यावरचा हल्ला मला अजूनही आवडतो. पण ती दोन मिनिटं असती तर त्या हल्ल्यालाही वजन आलं असतं. पीटर एवढा हट्टी का, तर त्याला तेराशे वर्षं भरून काढायची आहेत. ते आधी दिसलंच नाही, म्हणून तो नुसता भांडकुदळ वाटतो. सुरुवातीला लंडनच्या स्टेशनवर मारामारी करतो तिथपासूनच.

निंबोळी (दुपारी १२:३०)

सुझन आणि कॅस्पियनच्या शेवटच्या चुंबनाबद्दल बोलू का? पुस्तकात कॅस्पियन शाळकरी वयाचा मुलगा आहे, असलं काहीही तिथे नाही. माझ्या दोन्ही मुलांनी उशीत तोंड खुपसलं आणि सासूबाई माळ ओढत म्हणाल्या, “सिंव्हाचा शिनेमा म्हून बसले होते मी.”

आकडेमोड (दुपारी १२:४४)

ते घालण्यामागे मोठ्या मुलामुलींना ओढायचा विचार असावा. पण घरचा सिनेमा म्हणून ज्यांना बोलावलं, त्यांना अर्ध्या वाटेत असं सोडू नये.

निंबोळी (दुपारी १२:५०)

अगदी. आणि पुस्तकातलं जे खरं मजेचं, ते वगळलं. शेवटाकडे अस्लान गावागावांतून जातो, द्राक्षांचे वेल घरांवर चढतात, शाळेत कोंडलेल्या मुलीची सुटका होते, म्हातारी आजारी दाई बरी होते. तो सगळा उत्सव गेला. त्याऐवजी नदीदेव उठून पूल उखडतो तेवढं ठेवलं. ते दृश्य छान आहे हं, स्लोव्हेनियात सोचा नदीवर त्यासाठी पूल बांधला होता म्हणे. पण नदीदेव फक्त शत्रू बुडवायला येतो. पुस्तकात त्याला त्या पुलापासून मोकळं व्हायचं असतं.

पोळ्याचा_बैल (दुपारी १:०५)

मुलं, नाच, गावभर मिरवणूक. अहो, हा तर तान्हा पोळा झाला! तो वगळला आणि लढाई ठेवली?

कपाटाबाहेर (दुपारी १:२०)

दूरदर्शनच्या धाटणीची गोष्ट पाहायची असेल तर बीबीसीची जुनी मालिका आहे, १९८८ ते १९९० मधली. कॅस्पियनची गोष्ट त्यांनी दोनच भागांत उरकून लगेच जहाजाची गोष्ट धरली. साधी, पुठ्ठ्याची, प्राणी म्हणजे सरळ माणसांना घातलेले वेश. तरी मला ती आवडते.

डबिंगवाला (दुपारी १:३४)

तिसऱ्या सिनेमात सात तलवारी आणि हिरवं धुकं कुठून आलं देव जाणे. पुस्तकात नाहीत. यूस्टेसचं काम करणारा विल पोल्टर मात्र लाजवाब. एवढंच बोलतो, तो वेगळा धागा होईल.

छोटी_टेकडी (दुपारी ३:१०)

मी फारशी लिहीत नाही, आज राहवलं नाही.

आमचं बालपण सीताबर्डीत गेलं. किल्ला रोज दिसायचा. शाळेतून येताना, गच्चीवरून, बसमधून. आत जाता यायचं नाही, लष्कराच्या ताब्यात. वर्षातून तीनच दिवस दार उघडायचं, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. बाकीचे ३६२ दिवस बंद. बाबा बोट धरून न्यायचे. आप्पासाहेब भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, ते सगळं बाबा सांगायचे आणि मी ऐकायचे नाही. मी फक्त त्या दाराकडे पाहायचे. रोज बंद असणारं दार आज उघडं आहे, आणि आतून आपलं घर दिसतंय!

म्हणून मला वाटतं पहिल्या नार्नियाची सगळी ताकद त्या कपाटाच्या दारात आहे. ते रोज उघडत नाही. ल्यूसी भावंडांना दाखवायला नेते तेव्हा मागचं लाकूड लागतं हाताला, जंगल नाही. दुसऱ्या भागात रेल्वे स्टेशनवर गाडी भरधाव जाते, भिंत उडून जाते आणि समुद्रकिनारा. दिसायला भव्य. पण दार नाही. मी दाराशिवाय आत कशी जाऊ?

कूलरची_खस (दुपारी ३:१६)

आई गं. ‘मी दाराशिवाय आत कशी जाऊ’.

वऱ्हाडी_बाप्पा (दुपारी ३:२५)

टेकडीताई, तुम्ही जास्त लिहीत जा.

झिरो_माइल (दुपारी ३:५०)

एक दुरुस्ती नाही, भर घालतो. पुस्तकातही दार नाहीच. कॅस्पियन सुझनचं जुनं शिंग फुंकतो आणि मुलं स्टेशनवरून ओढली जातात. लेखक सी. एस. लुईसने मुद्दाम केलं असावं. पहिल्या खेपेला मुलं स्वतः शिरतात, या खेपेला बोलावणं येतं. पण पुस्तकात ती एका लहानशा, ओसाड जंक्शनवर सामान घेऊन बसलेली असतात. कुणी नाही, गाडीला वेळ आहे. तो कंटाळा आधी असतो म्हणून ओढ जाणवते. सिनेमाने तिथे लंडनचं गजबजलेलं भुयारी स्टेशन घातलं. टेकडीताई म्हणतात ते दार कदाचित त्या कंटाळ्यातच होतं.

शाळेची_घंटा (दुपारी ४:०५)

वर्धा किंवा बडनेऱ्याच्या फलाटावर दुपारी गाडीची वाट पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

तर्री_जास्त (संध्याकाळी ६:३०)

बातमी: नेटफ्लिक्ससाठी ग्रेटा गर्विग नव्याने नार्निया करते आहे आणि सुरुवात ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकापासून. म्हणजे नार्निया जन्माला येतं ती गोष्ट. दिव्याचा खांब कसा उगवला ते कळणार! मी तर आतापासूनच खूश.

निंबोळी (संध्याकाळी ६:४८)

उगवणारा खांब! सासूबाईंना आत्ताच सांगते. यावेळी सिंह भरपूर आहे असंही सांगते.

महालची_गल्ली (सोमवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. @झिरो_माइलने शिंगाची आणि जंक्शनची आठवण दिली म्हणून पुस्तक काढलं. सिनेमा बाजूला ठेवला आणि लेकीला पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवली, मराठीत सांगत सांगत. पडक्या वाड्याचा भाग आला तेव्हा पाऊस थांबला होता. आमच्या महाल भागातल्या वाड्यात मागच्या चौकाची भिंत खचलेली आहे, माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी तिथे विहिरीवर रहाट होता. मी सोन्याच्या घोड्यापाशी आले आणि थांबले. काही बोलले नाही. मॅडमची दोन मिनिटं.

ती म्हणाली, “म्हणजे त्यांना कळलं का, की आपणच इथे राहत होतो?” मी म्हटलं, आत्ता कळेल. मग तिने पुस्तकावर हात ठेवला, “थांब, आत्ताच नको सांगू.” आणि मागच्या चौकात जाऊन उभी राहिली.

तीन आठवड्यांनी १५ ऑगस्ट आहे. आम्ही किल्ल्यावर जाणार. कुणी येतंय?

छोटी_टेकडी (रात्री ९:४१)

मी येते. दाराशी भेटू.

कूलरची_खस (रात्री ९:४५)

मी पण. छत्र्या आणा.

महालची_गल्ली (१५ ऑगस्ट, दुपारी २:२०)

जाऊन आलो. सहा मोठी, पाच मुलं, एक छत्री उलटी झाली. टेकडीताई दारापाशी पंधरा मिनिटं आधीच उभ्या होत्या. लेकीने त्यांचं बोट धरलं आणि आत जाताना दाराच्या लाकडावरून हात फिरवत गेली. वरून तिला महालचं आमचं छप्पर शोधायचं होतं, सापडलं नाही, ढग फार खाली होते. उतरताना विचारलं, उद्या परत येऊ? टेकडीताईंनी सांगितलं, आता थेट २६ जानेवारी. घरी येईपर्यंत ती बोटांवर महिने मोजत होती.